डावीकडून तिसरी

*पान १२. जुना लाकडी पूल, सातव्या लाईनचा रस्ता. अंदाजे १८९०. पुलावर उभे: अनोळखी.*

'अनोळखी' हा शब्द टाईप करायची वेळ आली की एल्डा ट्रॅव्हिसची बोटं आपोआप मंदावत. पुलावरचा तो माणूस टोपी हातात धरून चांगला ऐटीत उभा होता. त्याला कुणीतरी रोज जेवायला वाढत असणार, कुणीतरी त्याच्या चिखलाच्या बुटांवरून त्याला बोलत असणार. आणि आता बॅलिकेन टाउनशिपच्या इतिहासात तो अनोळखी.

एक जुलैला देशाला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. त्या दिवशी टाउनशिपचं पुस्तक लोकांच्या हातात पडायला हवं, असं महिला मंडळाने दोन वर्षांपूर्वी ठरवलं होतं. ठरवलं मंडळाने आणि काम आलं एल्डाकडे, कारण टाईपरायटर तिच्याकडे होता. गेले सात महिने तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बुटांची अकरा खोकी ठाण मांडून होती. खोक्यांत गावातल्या चौऱ्याण्णव कुटुंबांचे फोटो. तिचा नवरा लॉर्न ताटली मांडीवर घेऊन जेवत असे.

"चौऱ्याण्णव घरं माझ्या टेबलावर बसलीत," तो म्हणे, "आणि मी दाराच्या पायरीवर. यातल्या एकाने तरी गाय धरायला यावं."

"शुक्रवारी पानं छापखान्यात जातील. मग बस टेबलावर चढून."

*पान ३०. चीज फॅक्टरी, १९०४. डावीकडून: जे. मोफॅट, डब्ल्यू. मोफॅट, सौ. जे. मोफॅट, कुत्रा.*

पद्धत ठरलेली होती. नावं डावीकडून. पुरुषांची त्यांची स्वतःची, बायकांची नवऱ्याच्या नावाने. महिला मंडळाच्या मोठ्या वहीत असंच होतं, म्हणून पुस्तकातही असंच. बायकांची पहिली नावं घालूया, असं एल्डाने एका बैठकीत म्हणून पाहिलं होतं. अध्यक्षीण हिल्डा ब्लेकनी म्हणाली, "घाल की. सांग कुणाकुणाची माहीत आहेत." चौऱ्याण्णवांपैकी एकवीस निघाली. मोफॅटांच्या कुत्र्याचं नाव मात्र तिघांना माहीत होतं.

*पान ८८ (मसुदा). हॅगर्टी कुटुंब.*

"वडील थॉमस हॅगर्टी, सातवी लाईन. मी आठ महिन्यांचा असताना आई वारली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि नवी बाई घरात आली तशा जुनीच्या वस्तू बाहेर गेल्या. फोटो राहिला नाही. १९४७ साली महिला मंडळाच्या वहीत चर्चच्या वनभोजनाचा फोटो लावला गेला, तेव्हा मी आईला पहिल्यांदा पाहिलं. खुर्च्यांवर बसलेल्या बायकांत डावीकडून तिसरी. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो. विल्मट हॅगर्टी."

विल्मटकाका शेजारच्या शेतावरचे. एल्डा चालायला शिकली ती त्यांच्या आणि आपल्या कुंपणामधल्या वाटेवर. लग्न केलं नाही, बोलणं मोजकं, दाढी छातीपर्यंत. तिने त्यांना म्हटलं होतं, "काका, अख्खं पान आहे तुम्हाला. अजून लिहा ना काहीतरी."

"अजून काय लिहू? गाईंची नावं लिहू?"

मग ते म्हणाले होते, "तिच्या हनुवटीला खळी आहे. ती माझ्यावर आलीय. दाढीखाली आहे म्हणून दिसत नाही. लिहायचं तर ते लिही."

एल्डाने ते लिहिलं नव्हतं. पुस्तकात शोभलं नसतं, असं तेव्हा वाटलं होतं.

*पान ७३. मेथडिस्ट चर्चचं वनभोजन, ऑगस्ट १९००. (चर्च १९१२ साली जळालं.)*

वहीतला फोटो पिवळा पडला होता. छापखान्याने परत पाठवला: यातून काही निघणार नाही, मूळ काच असेल तर बघा. हिल्डाने तीन आठवडे फोन केले आणि त्या वेळच्या फोटोग्राफरच्या नातीकडून एक लाकडी खोकं मिळवलं. आत काचेच्या निगेटिव्ह, प्रत्येक कागदी पाकिटात, पाकिटावर फोटोग्राफरच्या पेन्सिलीने नावं. '४७ साली मंडळाने हीच काच नेऊन फोटो छापून आणला होता आणि पाकिटावरची नावं वहीत उतरवून काच परत केली होती. एल्डाने ती तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओत पाठवली.

मंगळवारी नवा फोटो टपालाने आला. इतका स्वच्छ, की बायकांच्या मांडीवरच्या हातमोज्यांची शिवण दिसत होती. पण चर्चचा मनोरा भलत्याच बाजूला होता.

तिने फोन उचलला.

"तुम्ही फोटो उलटा छापलात."

"बाई, मी तीस वर्षं काचा छापतोय," स्टुडिओवाला म्हणाला.

"आणि मी वीस वर्षं हा फोटो बघतेय. मनोरा उजवीकडे आहे."

"ते चर्च पाहिलंय तुम्ही?"

"जळलं ते. माझ्या जन्माआधी."

"मग चर्च सोडा. मागे पुरुष उभे आहेत ना, त्यांच्या कोटाची बटणं बघा. आधी तुमच्याकडे आहे तो, आणि मग माझा."

तारेवर तिसऱ्या कुणाचा तरी श्वास ऐकू आला. एका तारेवर सात घरं होती.

"हिल्डा, फोन ठेव."

"मी आत्ताच उचलला," हिल्डाचा आवाज आला. "बटणांचं काय?"

एल्डाने भिंग घेतलं. लॉर्नचे कोट ती स्वतः शिवत असे. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते, बाईच्या कोटाची उजवी. वहीतल्या फोटोत बॅलिकेनचे अकराच्या अकरा पुरुष बायकांसारखे कोट घालून उभे होते. अंगठ्या उजव्या हातात. वीस वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण त्या फोटोत पुरुषांकडे कुणी बघतच नव्हतं. लोक आपापली आजी शोधायचे आणि वही मिटायचे.

म्हणजे '४७ साली कुणीतरी काच पालथी घातली होती. नावं मात्र बरोबर होती. बरोबर नावं उलट्या फोटोखाली.

तिने दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि बोटाने मोजलं. नऊ बायका. मधली पाचवी कशीही मोजली तरी पाचवी. बाकीच्या आठजणींनी जागा बदलल्या होत्या. वीस वर्षं जिला लोक डावीकडून तिसरी म्हणत आले, ती खरी डावीकडून सातवी. पाकिटावर सातवं नाव होतं: सौ. रॉबर्ट स्वित्झर.

लग्नाआधी एल्डा स्वित्झर होती. सौ. रॉबर्ट म्हणजे तिची आजी, बापाची आई.

*पान ९६ (मसुदा). स्वित्झर कुटुंब.*

"आजी माझे वडील पाच वर्षांचे असताना गेली. वनभोजनाच्या फोटोत ती सातवी. तिचा चेहरा हललेला आहे. फोटोसाठीसुद्धा ती एका जागी बसली नाही, असं वडील सांगत."

हे एल्डाने स्वतः टाईप केलं होतं, आणि टाईप करताना हसली होती. घरातली ही आवडती गोष्ट. आईबद्दल वडिलांना एवढंच आठवत असे की ती सदा धावपळीत. वहीत फोटो लागला तेव्हा त्यांनी त्या पुसट चेहऱ्यावर बोट ठेवून म्हटलं होतं, "ही बघा. हीच ती." मग कुणी जेवताना उठलं, चर्चमध्ये चुळबुळ केली, की आजीवर गेलीस. एल्डा आयुष्यभर आजीवर गेली होती.

आता तिने नव्या फोटोतल्या सातव्या बाईकडे पाहिलं. खुर्चीत सरळ, स्वस्थ बसलेली. हात मांडीवर. लांब हनुवटी, आणि हनुवटीला खळी. वडिलांना होती तशी. एल्डाने स्वतःच्या हनुवटीला हात लावला. हे आधी कसं दिसलं नाही? फोटोखाली दुसरं नाव लिहिलं होतं, म्हणून दिसलं नाही.

तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला लाज वाटली. कारण पुसट चेहरा आता विल्मटकाकांच्या वाट्याला जात होता.

दहा मिनिटांत हिल्डाची गाडी अंगणात. टोपीसुद्धा न घालता आली होती.

"पाचवी कोण?"

"तुझी आजेसासू. मधली. ती कुठे जात नाही."

हिल्डाने श्वास सोडला आणि खुर्ची ओढली. "मग जुनाच फोटो छाप."

"त्यात आठ नावं चुकलीत."

"नऊजणी मेल्यात, एल्डा. तक्रार करायला कोण येणार?"

"विल्मटकाका मेलेले नाहीत."

"म्हणूनच सांगतेय ना! त्या माणसाने तो चेहरा मोठा करून भिंतीवर लावलाय. मी ख्रिसमसला केक द्यायला गेले, तर मला म्हणाला, बसा, आईशी ओळख करून देतो. मी पाहिलेलं आहे. तू त्याला काय सांगणार? की ही नाही, ही बाई माझी आजी, आणि तुमची म्हणजे हा धुरळा?"

लॉर्न पायरीवरून म्हणाला, "छापखान्यालाच सांग ना, काच फुटली म्हणून."

"काच टेबलावर आहे."

"फुटू शकते," लॉर्न म्हणाला.

एल्डाने काच पाकिटात सरकवली. एल्डाला आणखी एक अडचण दिसत होती, ती तिने बोलून दाखवली नाही. गप्प राहिली असती, तरी आता ती चेहरा ओळखून बसली होती. काकांच्या घरी जाऊन त्या भिंतीकडे बघताना तिला रोज आपली आजी दिसली असती, आणि काकांनी 'माझी आई' म्हटल्यावर मान डोलवावी लागली असती. पान ८८ आणि पान ९६, दोन्हींवर तिने जाणूनबुजून खोटं टाईप केलेलं असतं. पुलावरचा माणूस अनोळखी राहिला ते कुणाला माहीत नव्हतं म्हणून. ही बाई माहीत असून अनोळखी राहणार होती.

"गुरुवारपर्यंत वेळ आहे," ती म्हणाली.

"तू त्याला सांगणार," हिल्डा म्हणाली. "माझं नाव नको घेऊस. मी केक देणारी, तेवढीच बरी."

*छापलेला नाही. विल्मट हॅगर्टी यांचं स्वयंपाकघर, बुधवार दुपार.*

चुलीशेजारच्या भिंतीवर, लंबगोल चौकटीत, स्वित्झर आजी. खाली दाढी विंचरायचा आरसा. एल्डाने रुबार्बच्या मुरंब्याची बरणी टेबलावर ठेवली आणि पाकीट मांडीवर.

"बस, पोरी. दोन बरण्या आणायच्या ना, एक काय पुरते."

"काका, पान ८८ बद्दल."

"लांब झालं?"

"नाही."

"मग आखूड झालं. तू म्हणालीच होतीस."

ती बोलायला लागली आणि बटणांपासून सुरुवात केली. कोटाची डावी बाजू, उजवी बाजू, काच पालथी घातली की काय होतं. काका लक्ष देऊन ऐकत होते, गाईच्या डॉक्टरचं ऐकावं तसं. मध्येच त्यांनी स्वतःच्या सदऱ्याच्या बटणांकडे पाहिलं. मग ते भिंतीकडे न बघता म्हणाले, "तिसरी नाही."

"तिसरीच, काका. पण दुसऱ्या बाजूने."

"मग ही कोण?"

"माझी आजी."

चुलीवर किटली होती. ती शिट्टी देऊ लागली, आणि तिला उतरवायला कुणी उठलं नाही. शेवटी काकांनीच उतरवली. चहा केला नाही. भांडं बाजूला ठेवलं, टोपी घेतली आणि ते बाहेर गेले. एल्डाला खिडकीतून दिसलं, ते गोठ्याच्या दारापर्यंत गेले, दाराला हात लावला, आणि आत न जाता परत फिरले.

"दाखव."

त्यांनी बियाण्यांचा कॅटलॉग वाचायचं भिंग काढलं. फोटो टेबलावर पसरला. एल्डाने बोट ठेवलं नाही, त्यांनीच मोजलं. एक, दोन, तीन.

बाई बसली होती. फिकट पोशाख, गळ्याशी पिन. पिन अगदी स्पष्ट. तिच्या वर चेहरा असायला हवा तिथे दोन चेहरे एकमेकांत मिसळले होते, एक समोर बघणारा आणि एक डावीकडे वळलेला, आणि दोन्हींमधून मागच्या पुरुषाची पाटलोण दिसत होती.

"हिला तोंडच नाही," काका म्हणाले.

"हलली ती."

"ते दिसतंय. का हलली?"

बाकी आठजणी हलल्या नव्हत्या. काकांनी भिंग डावीकडे सरकवलं. '४७ च्या फोटोत ही बाजू कापलेली होती. नव्या फोटोत काचेच्या पार कडेपर्यंत सगळं होतं: गवत, एका झाडाची सावली, आणि सावलीत एक बुटकं टेबल. टेबलावर वेताची टोपली, तिच्यावर पांढरं फडकं.

काकांनी फोटो पालटून मागचं पाहिलं. "ऑगस्ट, एकोणीसशे."

"हो."

"मी मे महिन्यातला."

एल्डाने पुन्हा टोपलीकडे पाहिलं.

"केक असेल," काका म्हणाले. "माश्या बसू नयेत म्हणून झाकलेला."

"असेल."

"केकच असणार. वनभोजन आहे." पण भिंग त्यांनी तिथून उचललं नाही. बराच वेळ. मग दाढीत हात घालून हनुवटी चाचपली. "आणि ही कुणाची, मग?"

"तुमचीच, काका."

"खळी आहे भिंतीवरच्या हिला. खरंच आहे."

"असू दे की. स्वित्झरांनी मक्ता नाही घेतलेला."

ते हसले का खोकले, ते दाढीमुळे कळलं नाही. उठून त्यांनी चौकट खिळ्यावरून काढली, बाहीने काच पुसली आणि एल्डाच्या पुढ्यात धरली.

"घे. घरी ने हिला."

"काका, राहू दे ना. वीस वर्षं..."

"वीस वर्षं मी हिला रोज सकाळी नमस्कार घालतोय. परक्या बाईने एवढं ऐकून घेतलं, पुष्कळ झालं. चांगली बाई आहे. कधी उलटून बोलली नाही." मग म्हणाले, "तुझा बाप सांगायचा ती धावपळी होती म्हणून."

"हो. पण फोटोत तर ती स्वस्थ बसलीय..."

"धावपळी असली तरी कधीतरी बसली असेल ना. त्याला कळवता आलं असतं तर बरं झालं असतं."

एल्डाने चौकट घेतली. दारापाशी तिने विचारलं, "पान ८८ चं काय करू? बदलून लिहिता का?"

"आण इकडे."

त्यांनी पेन्सिलीला थुंकी लावली. १९४७ चं वाक्य खोडलं, वर काहीतरी लिहिलं, कागद तिला दिला. मग परत मागून घेतला.

"तिचं नाव घालता येईल? पहिलं नाव?"

"माहीत आहे तुम्हाला?"

"घरच्या बायबलात लिहिलेलं होतं. बायबल गेलं. पण मी ते आधी वाचलेलं."

परतताना स्वित्झर आजी गाडीच्या पुढच्या सीटवर होती. सातव्या लाईनवर खड्डा आला की एल्डा हात आडवा घालून तिला धरत होती. आजी हलत नव्हती.

*पान ८८ (छापल्याप्रमाणे). हॅगर्टी कुटुंब.*

"वडील थॉमस हॅगर्टी, सातवी लाईन. आई कझाया. मी आठ महिन्यांचा असताना ती वारली. १९६७ साली जून महिन्यात मी तिला पाहिलं. पान ७३ वरच्या फोटोत डावीकडून तिसरी, हललेली. मी सदुसष्ट वर्षांचा आहे. विल्मट हॅगर्टी."

*पान ९६ (छापल्याप्रमाणे).*

स्वित्झर आजीची ओळ एल्डाने चार वेळा टाईप केली. शेवटी राहिलं ते एवढंच: "डावीकडून सातवी." घरातली गोष्ट खोडताना बोटं मंदावली. आता कुणी जेवताना उठलं तर कुणावर गेलं म्हणायचं, हे घरात ठरायचं होतं.

*पुस्तकात नाही. एक जुलै, टाउनशिप हॉल.*

सॅलडचे वाडगे, झेंडे, मुलांच्या हातात फुगे. प्रत्येकजण आपलं पान शोधून तेवढंच वाचत होता. लॉर्नने घरी टेबलावर जेवायला सुरुवात केली होती आणि ते तो भेटेल त्याला सांगत होता. मोफॅटांचा नातू हिल्डाला म्हणाला की कुत्र्याचं नाव घातलं नाही.

विल्मटकाका कोपऱ्यात बसले होते, पुस्तक पान ७३ वर उघडं. पान पूर्ण काचेएवढं छापलं होतं, कुठेही न कापता. छापखान्याने एल्डाला दोनदा विचारलं होतं, डावी बाजू काढायची का, आणि तिने दोनदा नाही म्हटलं होतं.

हिल्डा त्यांच्या खांद्यावरून वाकली. आजेसासू मध्यभागी नीट आली होती, त्यामुळे ती खुश होती.

"छान आलाय हो फोटो," ती म्हणाली. "फक्त इकडची बाजू थोडी कापायला हवी होती. उगाच जागा गेली. तिथे काहीच नाहीये."

विल्मटकाकांनी फोटोतल्या टोपलीवर तळवा ठेवला, वाऱ्याने पान उलटू नये म्हणून ठेवतात तसा. हॉलच्या खिडक्या बंद होत्या.

"केक आहे तिथे," ते म्हणाले.